उकळत्या तेलात पाणी

मैलूरच्या निवृत्त शिक्षिका कुसुमताईंनी गरोदर सुनेचे, श्राव्याचे, डोहाळे पुरवण्याचा शब्द उडुपीच्या विहीणबाईंना दिला होता. सुनेला हवे होते माहेरासारखे कच्च्या केळ्याचे कुरकुरीत काप. पहिले दोन घाणे फसले. वांग्याच्या कापांना लावतात तसं ताईंनी चकत्यांना आधीच मीठ लावून ठेवलं. त्यांना पाणी सुटलं आणि काप चामट निघाले.

"चपलेला तळ लावायला बरे हैत," त्यांचे पती गुंडेराव म्हणाले.

"तुम्हाला कोण विचारायलंय?"

"अत्ते," श्राव्या सासूला कानडीतच हाक मारी, "आमच्याकडे मीठ-हळदीचं पाणी तळतानाच तेलात घालतात."

"उकळत्या तेलात पाणी? कामून, घर पेटवायलीस का?"

ओला झारासुद्धा कढईत घालू नये, हे त्यांनी जन्मभर पोरींना बजावलं होतं.

श्राव्यानं एक चामट काप चावला आणि म्हणाली, "छान आहे की." त्या 'छान'नं ताई जास्तच चिडल्या. आता एकच केळं उरलं होतं. त्यांनी चकत्या थेट कढईत पाडल्या, गुंडेरावांना बाहेर हाकललं आणि हात लांब करून चमचाभर मीठ-हळदीचं पाणी तेलात सोडलं. तेल तडतडलं, फेसाळलं, निवळलं. झाऱ्यावर काप खुळखुळले.

श्राव्यानं ते उभ्या उभ्याच संपवले. "अजून आहेत?"

कुसुमताईंनी सालांच्या ढिगाकडे पाहिलं.

"अहो, पिशवी घ्या," त्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, "अन् पिकलेली आणलात तर घरात घेणार न्हाई!"