ताटावर कापलेली फीत

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी टूलरूममध्ये होतो. टूलरूमवाल्याला जगातलं सगळं दुरुस्त करता येतं, अशी साहेबांच्या बायकांची समजूत असते. त्यामुळे मिक्सर, इस्त्री, एकदा तर देव्हाऱ्यातली घंटासुद्धा माझ्या टेबलावर येऊन गेली होती. गोधडी केंद्रातली चाकाची कात्री बिघडली तेव्हा मलाच पाठवलं, यात नवल नव्हतं.

केंद्र औरंगपुऱ्यात, एका कापडदुकानाच्या माडीवर. गरजू बायकांनी गोधड्या शिवायच्या आणि साहेबांच्या बायकांनी अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह व्हायचं, अशी तिथं कामाची वाटणी होती. केंद्राला नाव कुणाचं द्यायचं यावर अख्खा पावसाळा भांडण चाललं. दोघींनी राजीनामे दिले, एकीने परत घेतला. शेवटी अध्यक्षबाईंच्या सासूचं नाव लागलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं होतं ते हेच दिवस. ‘नाव बदलून कुणाच्या पोटात भाकरी जाणार आहे? नावासाठी का कुणी एवढं भांडतं?’ असं ही मंडळी एकमेकांना बिस्किटं पुढं करत विचारत असत. असं विचारताना कुणाला ठसका लागल्याचं मी पाहिलं नाही.

कात्री अध्यक्षबाईंच्या भावाने परदेशातून आणलेली. एक मूठ, आणि पुढं वस्तऱ्यासारखं धारदार गोल पातं. कापडावर दाबून फिरवलं की चार थर एकदम कापले जायचे. सोबत जाड हिरवी रबरी चटई होती. पातं त्या चटईवरच चालवायचं, नाहीतर धार जाते. गोधडीवाल्या बायका तिला ‘कातणं’ म्हणत, करंज्यांचं असतं तसं. अध्यक्षबाईंना ते लागायचं. त्या ‘इम्पोर्टेड कटर’ म्हणत.

तर हे इम्पोर्टेड कटर मधेमधे कापड सोडायचं, आणि आता ते फारच वाढलं होतं. एका हॉटेलने गोधड्या मागवल्या होत्या. त्यांचे चौकोन दोऱ्यांना लोंबकळत निघत, मग ओढून तोडावे लागत आणि कडा उसवत.

मी पोचलो तेव्हा निदान आधीच झालेलं होतं.

“मशीन उत्तम आहे हो,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हात नको का तसा? या बायकांना सवय विळ्या-खुरप्याची.”

कापायच्या टेबलापाशी उभी असलेली बाई म्हणाली, “विळा तरी कापतोय, बाई.”

कोपऱ्यात शिवत बसलेल्या दोघीतिघी खुसखुसल्या. कापणारी बाई तिशीची असेल. गावाकडं नामांतराच्या दंगलीत तिचं घर जळलं, तेव्हा नवरा आणि लेकरं घेऊन ती शहरात आली. आधी इमारतींवर पाट्या वाहिल्या, मग इथं लागली. ती शिवायची बरी, पण कापायची फार सरळ, म्हणून टेबल तिच्याकडं आलं होतं.

कार्यवाहबाईंनी मला बाजूला घेतलं. “उद्यापासून हिला कामावरून बंद करायचं ठरलंय. तुम्ही फक्त बघून सांगा, म्हणजे बोलायला बरं. आधी नीट चालायचं हो. ही लागल्यापासून...”

अशी वाक्यं आमच्याकडं अर्धीच सोडतात. उरलेलं ऐकणाऱ्याने मनात पुरं करायचं असतं. तेवढं शिक्षण आम्हा सगळ्यांना घरीच मिळतं.

मी कापणाऱ्या बाईला एक पट्टी कापायला सांगितली. चटई अंथरून, मोजपट्टी लावून, तिने कात्री सरळ ओढली. पातं फिरतच नव्हतं, नुसतं घासत होतं. मी स्क्रू काढला. पात्याच्या मागं हळदीकुंकवाचा वाळून दगड झालेला लगदा, आणि त्यात एक अख्खा तांदूळ.

“खंडेनवमीला पूजा केली होती का?”

“केली की!” अध्यक्षबाई अभिमानाने म्हणाल्या. “हत्याराची पूजा नको? मी स्वतः केली. यथासांग.”

आमच्या कारखान्यातही लेथला हळदीकुंकू लागतं, पण ते बेअरिंगच्या आत ओतण्याइतकी भक्ती अजून कुणाला सुचलेली नाही. मी लगदा खरवडला, फडक्याने पुसलं, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. पातं भिंगरीसारखं फिरलं. तिने पुन्हा कापलं. आता कापड सहज कापलं जात होतं, पण मधेमधे चारदोन दोरे राहतच होते.

“बघा!” कार्यवाहबाई म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं? हातच.”

मी कापड उजेडात धरलं. सुटलेल्या जागा एकमेकींपासून अगदी सारख्या अंतरावर होत्या. हात चुकला तर तो कुठंही चुकतो. इतक्या शिस्तीत फक्त चाक चुकतं. एका जागी धार नसली की प्रत्येक फेऱ्याला तीच जागा कापड सोडणार. भिंगातून पाहिलं. पात्याच्या कडेला एक बारीकसा चपटा खड्डा होता.

“हे कशावर तरी दाबलंय. लोखंडावर, नाहीतर स्टीलवर.”

“हिनंच चटई न घेता चालवलं असणार,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

कापणाऱ्या बाईने मान वर करून दारावरच्या फोटोकडं पाहिलं. मग आम्हीही पाहिलं.

केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो, सोनेरी चौकटीत. फीत या कटरनेच कापायची, असा अध्यक्षबाईंचा हट्ट होता. पण हवेत लोंबणारी फीत चाकाने कापत नाही, ते दाबायला खाली काहीतरी लागतं. म्हणून फोटोत कार्यवाहबाईंनी आरतीचं स्टीलचं ताट फितीखाली धरलंय, प्रमुख पाहुणे दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन कटर ताटात रुतवताहेत, आणि अध्यक्षबाई टाळ्या वाजवताहेत.

“मी तवा इथं कामाला बी नव्हते,” ती म्हणाली. “आले तवापासनं ते असंच दोरे सोडतंय.”

“पाहुण्यांनी एकदाच तर दाबलं हो,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“एकदाच पुरतं,” मी म्हटलं. “दुसरं पातं आहे?”

होतं. कात्रीबरोबरच आलेलं, अध्यक्षबाईंच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, बाहुल्यांशेजारी.

कुणी चुकलं असं कुणी म्हणालं नाही. “बरं, तूर्त राहू दे हिला,” एवढंच कार्यवाहबाई म्हणाल्या, स्वतःच्या खिशातून काहीतरी दान केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पातं बसवायला मी गेलो, तर अध्यक्षबाई नव्या साडीत हजर. हातात नारळ, मागं आरतीचं तेच स्टीलचं ताट घेऊन कार्यवाहबाई आणि फोटोग्राफर. नवीन पात्याचा शुभारंभ होता. मी स्क्रू आवळला आणि कात्री कापणाऱ्या बाईंच्या हाती दिली. अध्यक्षबाईंनी कुंकवाची चिमूट उचलली.

बाईंनी कात्री पाठीमागं घेतली.

“कुंकू मला लावा, बाई. हिला नगं.” आणि कार्यवाहबाईंकडं बघून म्हणाल्या, “अन् ताई, तुम्ही ते ताट आधी खाली न्या. ते हाय तवर मी कापत नाय.”

शिवणाऱ्या बायका या वेळी खुसखुसल्या नाहीत, मोकळ्या हसल्या. फोटोग्राफर कुणाचा फोटो काढू या विचारात तसाच उभा राहिला. कार्यवाहबाई ताट घेऊन जिना उतरल्या. त्यांची पावलं खालपर्यंत ऐकून झाल्यावर बाईंनी चटई सारखी केली आणि हॉटेलचं कापड ओढलं.