माघारी फिरलेली तिरडी

जवळा बाजारकडच्या आमच्या शिवारातल्या साऱ्या पाऊलवाटा रुख्मिणीबाई राखते. काटे तोडते, खचलेल्या जागी मुरूम टाकते, अन् कुणी वाटेत नांगर घातला की त्याच्या दारात उभी राहून सात पिढ्यांचा उद्धार करते. गावाला वाटतं, समाजसेवा. कशाची आलीय समाजसेवा! बाईच्या पोटात आग हाय.

तिचा नवरा वारला, तेव्हा गावातल्याच विश्वंभरनं त्याच्या शेतातून स्मशानाकडं जाणारी वाट काटेरी कुंपण घालून बंद केली होती. "सातबारा माझा, वाट कोणाची?" म्हणाला. सरपंचानं हात जोडले, पण गडी हटला न्हाई. शेवटी लोकांनी तिरडी माघारी फिरवली अन् ओढ्याच्या चिखलातून नेली. तिरडी कधी माघारी फिरवतात का हो? दारातून गेलेला नवरा पुन्हा दारासमोरून आला, अन् या बाईनं उघड्या डोळ्यांनी पाह्यला. ती रडली न्हाई. "याला जित्तेपणी दाखवीन," एवढंच बोलली.

तहसीलला खेटे घालून तिनं ती वाट मोकळी करून घेतली. तेव्हापासून रोज सकाळी ती विश्वंभरच्या शेतातल्या घरासमोरून चालते. काम असो नसो, ओसरीसमोर आली की मुद्दाम खाकरते. विश्वंभर तोंड फिरवतो. तेवढ्यानं बाईचा दिवस गोड जातो.

औंदा वैशाखात वादळ झालं अन् त्या वाटेवर भली मोठी बाभूळ आडवी झाली. सकाळी बाई कोयता घेऊन पोचली, तर समोरून चौघांच्या खांद्यावर बाज येऊन राहिलेली. रात्री विश्वंभरच्या छातीत कळ आली होती. त्याचा पोरगा बालाजी अन् तिघं गडी त्याला गावातल्या गाडीपर्यंत नेत होते. मधी बाभूळ, पलीकडं रुख्मिणीबाई. बालाजीचं तोंडच उतरलं.

"राहू द्या काकू, आमी माघारी फिरतो, ओढ्यानं जातो."

"माघारी फिरायचं न्हाई!" बाई कडाडली अन् तिनं घाव घालायला सुरुवात केली. पदर फाटला, हात रक्ताळले, पण बाज जाईल एवढी वाट होईस्तोवर थांबली न्हाई.

बाज जवळ आली तसं विश्वंभरनं हात जोडले. "वहिनी, माफ केलं म्हणा."

"हात खाली घे. माफबिफ काय न्हाई केलं," बाई म्हणाली. "तू मेलास तर रोज सकाळी मी कोणासमोरून चालू? जा, बरा होऊन ये. ओसरीत बसायचं हाय तुला."

बाज पुढं गेली. बाई राहिलेली बाभूळ तोडायला लागली.