डाव्या बुटाचा तळ

चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या मावशींना माणूस तोंडावरून कमी आणि तळावरून जास्त कळायचा. कुणी बूट पुढे केला, की त्या आधी तो उलटा करत. "तुम्ही ओझं सारखं उजव्या खांद्यावर घेता. खांदा बदला, टाच टिकेल!" गिऱ्हाईक चाटच पडायचं.

अशा बाईनं वाचनालयातल्या लेखनवर्गात नाव घातलं. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे गल्लीच्या काकांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्यावर एक पान लिहायचं होतं. असं, की वाचणाऱ्याला ते समोर उभे दिसले पाहिजेत.

वर्गाचे सर एकेक शब्द गोळीसारखा चघळत बोलायचे. "प्रतीऽऽक! थेट काही सांगायचं नाही. सूर्य मावळवा. दिवा विझवा. पाखरू उडवा!"

मावशींनी मुकाट्यानं सूर्य मावळवला, दिवा विझवला, वर पाखरूही उडवून दिलं. सर डोळे मिटून म्हणाले, "वाऽऽ!"

घरी नणंदेनं ते पान ऐकलं. तिच्या जिभेला जन्मतःच धार. "छान आहे हो वहिनी. पण गेलं कोण, ते काही कळलं नाही."

मावशींचा चेहरा उतरला. खरंच होतं ते.

त्यांनी कपाटातून काकांचे बूट काढले. काका केस कापायचे. चाळीस वर्षं खुर्चीभोवती डाव्या पायावर वळायचे, त्यामुळे त्या बुटाला अंगठ्याखाली रुपयाएवढा गोल खड्डा पडायचा. मावशींनी बूट उलटा केला आणि कपाळावर हात मारला. तळ कोराकरकरीत! काका गेल्यावर हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनीच नवा तळ ठोकला होता. खड्डा होता तो तुकडा स्वतःच्या हातानं कापून कचऱ्यात टाकला होता.

मग त्यांनी तेच लिहिलं. खड्डा कुठे पडायचा, बोट किती आत जायचं, आणि नवा तळ ठोकताना आपण चक्क गुणगुणत होतो, तेसुद्धा.

शेवटच्या दिवशी नणंद पहिल्या रांगेत येऊन बसली. मावशींचं वाचून झालं.

सरांनी घसा साफ केला. "सुंदर! पण मावशी, हा तळ नक्की कशाचं प्रतीऽऽक?"

"ते मला काय ठाऊक, सर? बुटातला माणूस दिसला का, तेवढं सांगा."

नणंद ताडकन उठली. "अर्धवट लिहिलंयस, वहिनी! दादा वळताना आधी टाच उचलायचा. अस्सा!" दोन बोटांची कात्री करून ती सरांच्या खुर्चीभोवती फिरू लागली. चक् चक् चक्.

"अहो वन्सं, एवढ्या तोऱ्यात नाही! हे हळू वळायचे."

"तू तुझ्या दुकानात असायचीस. मी पाहिलंय!"

"आणि तळ कोण बदलायचं?"

भर वर्गात दोघींची जुंपली. मध्ये सापडलेल्या सरांनी कधी चष्मा काढून हातात घेतला आणि केस कापायला बसलेल्या गिऱ्हाइकासारखी मान पुढे झुकवली, ते त्यांनाही कळलं नाही.