पाणी तोडलेला वाफा

माझ्या हातची मिरचीची रोपं चांगली असतात, हे अल्लीपुरात कोणीही सांगितलं असतं. पटत नसे ते फक्त आमच्या घरात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ट्रेमधली नर्सरीची रोपं आमच्याकडे अजून आली नव्हती. मी मागच्या अंगणात वाफे करायची आणि बाजाराच्या दिवशी रोपांचं टोपलं घेऊन उन्हात बसायची.

त्या वर्षी हिंगणघाटकडचा एक शेतकरी म्हणाला, रोप पसंत पडलं तर सगळे वाफे नेतो, आणि दरवर्षी तुमच्याकडूनच नेईन. म्हणजे ते उन्हातलं बसणं सुटणार होतं. मी हरखून गेले.

रोप उपटायच्या आधी काही दिवस पाणी तोडावं लागतं. दुपारी पानं माना टाकतात, पण त्यानेच खोड चिवट होतं आणि रोप वावरात तग धरतं. सासऱ्यांना हे किती वेळा सांगितलं! पण त्यांचा जीव भलताच मऊ. कोणी तहानलेलं दिसलं की त्यांना चैन पडत नसे, मग ते माणूस असो, गाय असो की मिरची.

"मामाजी, वाफ्याले पाणी नका देऊ जी."

"नाई देत ना. मले काय समजत नाई?"

संध्याकाळी वाफा ओला! विचारलं तर म्हणत, "थोडंसंच शिंपडलं. सुकून राह्यले ना बिचारे." मी बादली लपवली, त्यांनी तांब्या घेतला. मी वाफ्याभोवती बोराटीच्या काटेरी फांद्या लावल्या, तर वरून हात लांबवून पाणी. डोकं फिरायची वेळ आली होती, पण सासऱ्यांवर ओरडणार कशी? मग भांडी आपटायची. त्याचाही त्यांच्यावर काही परिणाम होत नसे.

शेतकरी आला तेव्हा वाफे हिरवेगार, लुसलुशीत. मला रडूच यायचं बाकी होतं. त्याने एक रोप उपटून बोटाभोवती वाकवलं. खोड कटकन मोडलं.

"लई नाजूक हाये बाई. माह्या वावरात नाई टिकणार," असं म्हणून तो सायकलवर बसून निघून गेला.

मी तिथेच मातीत बसले. सासरे मोडलेलं रोप हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता तरी उमगलं असेल.

"तू नोको काळजी करू, बाई," ते अगदी मायेनं म्हणाले. "पुढच्या वर्षी मी पहिल्या दिवसापासूनच लक्ष देतो."