बकरी डावीकडे पाहत होती

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. कोणाच्या अंगात आलं म्हटलं की त्याला दवाखान्यात पिटाळणारी बाई मी. असले अनुभव वाचायचे ते फक्त हसायला... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

२००७ चा हिवाळा. आमचं घर वडसा गावात. बाबा शिंपी — आमच्या भागात गावोगावी होणाऱ्या झाडीपट्टी नाटकांचे कपडे शिवायचे, राजाचे अंगरखे, सेनापतीचे झगे. उरलेल्या मखमलीचे तुकडे पाहून मला खूळ सुचलं. नवा डिजिटल कॅमेरा हातात होताच. एका मांजरीला राणी केलं, कुत्र्याला सेनापती, आणि सायबर कॅफेत जाऊन नेटवर अल्बम टाकला — ‘प्राण्यांचा दरबार’. कुठली कुठली माणसं हसून कॉमेंट टाकायची. बाबांना तर असा चेव आला की नाटकवाले खोळंबलेले आणि हे कोंबड्याला फेटा शिवतायत!

जनावरानं मान वर करावी म्हणून बाबा माझ्या डाव्या हाताला उभे राहून लाखोळी डाळीच्या दाण्यांचा डबा खुळखुळवायचे. झाकण ढिलं, त्यामुळे दाणे सांडायचे. मग शेवंताबाईच्या कोंबड्या त्यांच्या पायाशी गोळा. शेवंताबाई आमची शेजारीण, तलावातले मासे विकायची.

डिसेंबरात बाबांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला. शुगर वाढलेली, डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं — काही सांगता येत नाही. दादा सोबत गेला, मी आईजवळ थांबले. सकाळी अकराला त्यांना आत नेणार होते. मी नुसती घरात येरझारा घालत होते. शेवटी शेवंताबाई नवी बकरी ओढत अंगणात आली. आदल्या दिवशीच, बाबा नागपूरला गेल्यावर, बाजारातून घेतलेली.

“बसून बसून येडी होशीन तू. चाल, इचा फोटो काढ.”

मन नव्हतं, पण काहीतरी करायला हवं होतं. एका कुत्र्यासाठी बाबांनी शिवलेला हिरवा झगा तिच्या अंगावर घातला. बंद आखूड पडले म्हणून जुन्या परकराची नाडी ओवून गळ्याशी बांधली.

कॅमेरा डोळ्याला लावला... आणि बकरीनं मान वर केली. कान टवकारून ती माझ्या डाव्या खांद्यापलीकडे पाहू लागली. मी जागा बदलली, तरी नजर तिथेच.

“कोनाले पाहून राह्यली वो हे?” शेवंताबाई म्हणाली.

तेवढ्यात तिच्या तीन कोंबड्या धावत आल्या आणि बाबा उभे राहायचे त्या रिकाम्या जागी कोरडी माती टोचू लागल्या. कोंबड्यांना सवय असेल, मान्य. पण ही बकरी बाबांनी पाहिलेली नव्हती आणि बकरीनं बाबांना!

बाबा गेले, हाच विचार आला. फोटोवर वेळ उमटली होती, अकरा चाळीस. दादाचा मोबाईल लावला, बंद. परत लावला, बंद. आई आतून विचारतेय, “फोन आला काय?” आणि मी पुन्हा नंबर दाबतेय. दोन तास मी देवासमोर बसले. हो, मी!

पावणेदोनला दादाचा फोन. ऑपरेशन नीट झालं होतं. अकराला आत नेलं, एकला बाहेर आणलं. मी ढसाढसा रडले.

पाचच्या सुमारास दादानं फोन बाबांच्या कानाला लावला. आवाज अगदी खोल गेलेला.

“पोरी... त्या बकरीच्या गळ्याची नाडी सोड. फास बसून राह्यला तिले.”

मी चप्पल न घालता पळाले. पोरांना दाखवायला शेवंताबाईनं झगा तसाच ठेवला होता. तिच्या गोठ्यात बकरीनं तो खुंट्यात अडकवून घेतलेला, नाडी आवळलेली, जीभ बाहेर आलेली. कात्रीनं नाडी कापली तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला.

दादाला विचारलं. तो म्हणाला, “मलेच मालूम नाई कोनती बकरी, मी त्यांना काय सांगू?” बाबा घरी आल्यावर त्यांनाही विचारलं. त्यांना तो फोनसुद्धा आठवत नव्हता. फोटो मात्र त्यांनी हट्टानं अल्बममध्ये टाकायला लावला. खाली कोणीतरी विचारलंय, “कोणाकडे बघतेय ही?”

त्यानंतर बाबा पाच वर्षं जगले. घरीच गेले, आम्हा सगळ्यांसमोर. तेरवी झाल्यावर एका सकाळी मी तीच बकरी अंगणात बांधली, गळ्यात काहीही न बांधता, आणि बाबा येतात का ते पाहायला कॅमेरा धरला. डबा मुद्दाम घरात ठेवला होता.

शाळेत पोरं विचारतात, “मॅडम, भूत असते काय?” मी नाही म्हणते, आणि ते खरंच आहे. त्या सकाळी मी तासभर उभी होते. बकरी सरळ माझ्याकडे पाहत होती. कोंबड्या आल्या नाहीत. मग बाबा जिवंत असताना, नागपूरच्या टेबलावर बेशुद्ध पडलेले असताना, माझ्या डाव्या हाताला कोण उभं होतं?