बरोबरीपर्यंतची मॅच

बातमी आली तेव्हा मी मोहाडीच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. फोन बाईचा होता. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात; ही माझी सख्खी थोरली बहीण, सुलोचना. ती रडत नव्हती. "भाऊ, हे गेले," एवढंच म्हणाली. बाजारातला गलका तिला तिकडे एकोडीला ऐकू जात असणार. अशा वेळी कुणाला देव आठवतो, कुणाला पुढची धावपळ. मला सुचलं ते भलतंच. भाऊजींची मॅच पाहून झाली होती का? आणि मी विचारलंही. बाई म्हणाली, "टीव्ही चालूच होता. पाहून राहिले होते. कुठवर पाह्यलं ते मले काय समजते?" भादवा सरत आला होता तेव्हा. आता धान कापणीला आलंय, तरी ती मॅच माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

भाऊजी म्हणजे वसंतराव. मूळचे एकोडीचे, पण सारी नोकरी नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणीत फिटर म्हणून गेली. खाणीची हॉकीची टीम होती आणि भाऊजी तिचे फुलबॅक. मैदान काळ्या धुळीचं. मॅच संपली की दोन्हीकडचे खेळाडू एकाच रंगाचे होत आणि बायका आपापला नवरा आवाजावरून ओळखत, असं बाई सांगायची. मी शाळकरी असताना सुट्टीत तिच्याकडे जायचो तो खरं तर भाऊजींसाठीच. साळा-भाऊजीचं नातं थट्टेचं, ते आम्ही शेवटपर्यंत निभावलं. पुढे मी मोहाडीच्या तहसील कचेरीत साधा कारकून झालो, तर यांनी मला "या तहसीलदार!" म्हणायला सुरुवात केली, ती मी निवृत्त झालो तरी सोडली नाही. मॉस्को ऑलिंपिकला आपल्याला हॉकीचं सोनं मिळालं ते त्यांनी ऐन विशीत रेडिओवर ऐकलं होतं. तेव्हा कुणाच्या घरी टीव्ही होता! नंतर टीव्ही आले, रंगीत झाले, भिंतीएवढे झाले, पण तसं सोनं काही परत आलं नाही. "कानानं ऐकलं ना भाऊ," ते म्हणायचे, "आता एकडाव डोळ्यानं पाहाचं हाय. मंग उचला मले." हे ते हसत म्हणायचे. आम्हीही हसायचो.

त्या एका दर्शनासाठी माणसानं किती वणवण करावी? आधी खाणीच्या क्लबात एकच टीव्ही होता. पावसात अँटेना फिरली की भाऊजी स्वतः छपरावर चढत आणि मी खालून "आली, आली... गेली!" ओरडत असे. मग केबल आली. केबलवाल्यानं क्रिकेटची झाडून सारी चॅनलं दिली आणि हॉकीचं तेवढं गाळलं. भाऊजी विचारायला गेले तर म्हणतो, "काका, तुमच्या एकट्यासाठी?" दुसऱ्या दिवशी हे खाणीतले सगळे जुने खेळाडू घेऊन त्याच्या दारात जाऊन बसले, हातात आपापल्या स्टिका. कुणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी चॅनल सुरू झालं. पुढे डिशची छत्री आली, तिचे पॅक आले. निवृत्त होऊन भाऊजी एकोडीला आले तोवर तर हॉकी चॅनलावरून उठून मोबाइलच्या ॲपमध्ये जाऊन बसली होती, आणि तीही एका जागी टिकेल तर शपथ. एका स्पर्धेला हे ॲप, दुसरीला ते. एखाद्या लेकीला दरवर्षी नव्या घरी नांदायला पाठवावं तसं चाललं होतं सगळं. यांनी हौसेनं एका ॲपचं वर्षभराचं रिचार्ज मारावं आणि महिनाभरात हॉकी तिथून हलावी, हे तर ठरलेलंच. मग मला फोन यायचा आणि मी मोहाडीहून ओटीपी सांगायचो, पासवर्ड सांगायचो, शेवटी कंटाळून बस धरायचो.

एकदा तर कमालच केली त्यांनी. मॅच कुठल्याच ॲपवर सापडेना, तेव्हा फोनवर शोधून शोधून एक व्हिडिओ काढला. वर लाल अक्षरांत 'लाईव्ह' लिहिलेलं. मोतीबिंदू अजून काढायचा होता, पडदा तळहाताएवढा. आपण चार गोलांनी जिंकलो. मधेच एक केव्हाच निवृत्त झालेला खेळाडू दिसला, तर हे खूश होऊन बाईला म्हणाले, "पाह्य, याले परत घेतलं टीममधी. मी म्हनतच होतो!" मॅच संपल्यावर साकोलीहून पेढे आणून आळीभर वाटले. शेजारचे शामराव पेढा तोंडात टाकून म्हणाले, "वसंता, बातमीत तं हरले म्हनून राहिले." कुणीतरी जुनी मॅच नव्या नावानं चढवली होती. भाऊजी दोन दिवस अंगणात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हे म्हणत, "पेढे वापस मागत नाई कोनाले. जिंकले तं होतेच ना, कवातरी?"

मग छाती धरली. खाणीची धूळ इतकी वर्षं आत बसून होती, ती उठली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. खाटेशेजारी ते घरघरायचं, नाकाला नळी, आणि समोर टीव्ही. बाईची झोप त्या मशीनच्या आवाजावर चालायची. आवाज थांबला की ती उठून बसे. या पावसाळ्यात एका मोठ्या स्पर्धेत आपली टीम फायनलला गेली. स्पर्धेचं नाव मी लिहीत नाही. हरलेल्या स्पर्धेचं नाव घेऊ नये, असा भाऊजींचा नियम होता. पण त्या दिवशी ती हरलेली नव्हती ना... त्या दिवशी ती सोन्याची मॅच होती. मी सकाळीच एकोडीला पोचलो. भाऊजींनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला म्हणाले, "तहसीलदार, आज काई बी झालं तरी मॅच सोडाची नाई." त्यांचे डोळे पाहून मला थट्टा सुचली नाही.

आणि मॅच सुरू होऊन जेमतेम रंगात येते तर वारा सुटला, गावाबाहेर विजेचा खांब आडवा झाला आणि लाइन गेली. इन्व्हर्टरवर मशीन चाललं असतं, पण टीव्ही आणि वायफायही लावलं तर ते किती टिकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईनं विचार करायला वेळच लावला नाही. टीव्हीची पिन काढली आणि हातातच धरून बसली. भाऊजींनी नाकातली नळी ओढून काढली. "मशीन बंद कर. ते लाव." बाई नाही म्हणाली. ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांकडे तसं पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला अक्षरशः पळून जावंसं वाटलं. शेवटी मॅच पाहायला येऊन बसलेले शामराव म्हणाले, फोनचं टॉवर तलावाच्या पारीवर धरतं, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर आहेच, माझा ऑटो आहे, चला. हा वेडेपणा होता आणि तो आम्ही केला.

पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ऑटो उभा केला. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, धानाची रोवणी चाललेली. चिखलात वाकलेल्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे पाहत होत्या. ऑटोत मागे भाऊजी, मांडीवर सिलिंडर धरून बाई, आणि समोर फोन धरून मी. चित्र यायचं, थांबायचं, गोल चकरी फिरायची. आम्ही एक गोल केला होता, समोरच्यांचे दोन झाले होते. चकरी फिरायला लागली की भाऊजी माझा हात दाबायचे, जसा काही मीच ती फिरवत होतो. खेळायला आता थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात बाई म्हणाली, "काटा खाली आला." सिलिंडरचा काटा लाल पट्टीवर टेकत होता. भाऊजी म्हणाले, "थांब जरासं." फोनवर चकरी. "थांब ना वं..." बाईचा आवाज फाटला. "तुमी इथं गेले तं मी काय करू? हॉकी पाहू?" तिनं हे ओरडून म्हटलं, बांध्यांतल्या बायांनाही ऐकू गेलं. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला फोन घेतला, पालथा केला आणि शामरावांना म्हणाले, "मार किक." वाटेत एकच बोलले, "निकाल मले कोनी सांगाचा नाई. लाइन आल्यावर पुरी पाहीन."

त्याच रात्री त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आले तोवर साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं की आपण शेवटी बरोबरी केली आणि शूटआऊटमध्ये हरलो. पण एकोडीत एकानं तोंड उघडलं नाही. घरी पेपर येणं बंद झालं. दाढीला येणारा न्हावी पावसावर बोलायचा, नुसता पावसावर. बाईनंही ऐकून घेतलं नाही. "मले सांगू नोका," ती म्हणाली, "माह्या तोंडावर दिसते सारं." तिला अजून निकाल माहीत नाही. मॅच ॲपवर पूर्ण होती, भाऊजींनी कधीही लावावी. पण ते लावत नव्हते. आज उद्या, आज उद्या. मी शेवटचा भेटलो तेव्हा डिवचलं, "काय भाऊजी, मुहूर्त पाहून राहिले का?" ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "जिंकले असते तं शाम्यानं फटाके फोडले असते." मी खिडकीबाहेर पाहत होतो. "पन मी बिमार होतो म्हून नसतीन बी फोडले... नाई का?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. त्यानंतर काही दिवसांनी, बाई त्यांना पेज भरवायला बसली असताना, त्यांनी आपल्या हातानं रिमोट घेतला आणि मॅच लावली.

तेरवीपर्यंत टीव्हीवर कापड होतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि बाई मला म्हणाली, "ते मॅच लाव." आणि खाटेजवळ टीव्हीकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, बाई, इकडे तोंड कर. "नाई. मी अशीच बसली होती, त्याईले पेज चारत. अशीच आयकतो." मला तेव्हा समजलं ती काय करते आहे. मॅच सुरू झाली. आपला पहिला गोल झाला, कॉमेंटेटर ओरडला. बाईनं मान हलवली, "हा नाई." समोरच्यांचा एक, दुसरा. दोन्ही वेळा तिनं पुन्हा मान हलवली. वेळ संपत आला, पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि आपण बरोबरी केली. कॉमेंटेटरचा आवाज फुटला, मागे लोकांचे ढोल वाजायला लागले. बाईचा उजवा हात उचलला गेला, आपणहून. "इथं," ती म्हणाली. "इथं त्याईनं माहं मनगट धरलं. असं जोरात की पेज सांडली सारी. मी म्हटलं, हळू ना जी..." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मंग सोडलं."

ढोल वाजतच होते. मी घाईघाईनं मॅच थांबवली. म्हणजे हरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. दोघांचेही दोन-दोन गोल, आणि सोनं अजून कुणाचंच नव्हतं... मी ढसाढसा रडलो, बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुढची लावू का, असं विचारायचा धीर मला झाला नाही आणि तिनंही म्हटलं नाही. जिला टीव्ही बंद करता येत नव्हता ती रिमोट शिकली. रोज दुपारी जेवण झालं की ती मॅच लावते, पाठ करून बसते आणि ढोल वाजायला लागले की थांबवते. शामराव म्हणतात, डोक्यावर परिणाम होईल अशानं. मला तसं वाटत नाही. दिवसातून एकदा कुणीतरी तिचं मनगट धरतं, एवढंच.

परवा तिचा फोन आला. "भाऊ, मॅच दिसून नाई राहिली." मी म्हटलं रिचार्ज संपलं असेल. एकोडीला गेलो. रिचार्ज होतं. हॉकीच तिथून गेली होती. नव्या हंगामाचे हक्क दुसऱ्या कुणी घेतले आणि याच्यावरचं जुनं सगळं काढून टाकलं. मी दुसरं ॲप उतरवलं, तिसरं उतरवलं, ओटीपी घातले, फोनवरचे व्हिडिओ धुंडाळले. पूर्ण मॅच कुठेच नव्हती. सापडली ती एकच, काही मिनिटांची झलक, तीही शूटआऊटपासून पुढची. तिच्यावरच्या चित्रात आपली पोरं निळ्या मैदानावर डोकं धरून बसलेली. मी रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बाई केव्हाची टीव्हीकडे पाठ करून खाटेवर बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून.

"लागली का रे?" तिनं न वळता विचारलं.