बाईंचा तंबोरा कोणी फोडला?

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते. चौथी शिकलेली, चुलीपुढची बाई, तिचं कोण ऐकतंय! बैठकीचे किस्से म्हणाल तर वाडीत नारळाची सोडणं साचतात तसे साचलेत. पेटवायला घेतले की आधी धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं. मग कुठे ऊब.

नागावला आमचा होमस्टे आहे. दर थंडीत एका रविवारी सकाळी आमच्या पडवीत शास्त्रीय गाण्याची बैठक व्हायची. माइक नाही, स्टेज नाही, पंखासुद्धा बंद. सतरंजीवर मोजकी माणसं. शालनबाई गायच्या आणि सुरुवातीला सगळ्यांची ओळख स्वतःच करून द्यायच्या. "पेटीवर भाऊ. तबल्यावर नंदू. चुलीवर बेबी. आणि गायला मी, शालन खारकर."

चुलीवरची बेबी म्हणजे मी! मुंबई-पुण्याची माणसं मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायची. माझं नाव चारचौघांत असं कोणी घेतलं नव्हतं, ना माहेरी, ना सासरी.

*

खारी हवा लागली की तबल्याची चामडी सैल पडते. म्हणून नंदू अलिबागहून आला की आधी तबला उन्हात ठेवायचा. एकदा त्याच चटईवर सासूबाईंनी जवळा सुकत घातला. तबला नीट तापला, पण वासासकट!

बैठकीत पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "वा! अगदी समुद्र जाणवतोय!"

नंदू माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बेबीताई, समुद्र न्हाय, जवळा!"

*

आता बाईंचं. पडवीत नारळाचं पोतं उभं होतं, त्यावर कोणाची तरी टोपी. बाई त्याच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आज पेटी जरा हळू हं. परवा माझा गळा झाकून टाकलात."

पोतं गप्प. मागून भाऊच म्हणाले, "बरं बाई."

सगळे हसले. "बाई आत्तापासूनच सुरात आहेत!"

मी म्हटलं, "सुरात न्हाईत, त्यांना दिसत न्हाय."

त्यावर सगळे आणखी हसले.

*

पुढच्या वर्षी एक पोरगी गाणं संपल्यावर बाईंच्या पाया पडली आणि उठून गेली. तेवढ्यात आमचा कुत्रा शेरू येऊन बसला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पहाटे उठून रियाज कर. आवाज मोकळा होईल."

शेरूने ते इतकं मनावर घेतलं की महिनाभर आमचे गेस्ट झोपले नाहीत!

हसले मीसुद्धा. पण जेवताना बघितलं, तर बाई ताटात बोटांनी चाचपडत होत्या. भाकरी कुठे, बिरडं कुठे. मी भाऊंना बाजूला घेतलं. "बाईंना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या."

"बेबी, ती कलावंताची तंद्री असते. तुला नाही कळायची. तू भाकऱ्या थाप."

"तव्यापाशी तंद्री लागली तर भाकरी करपते, भाऊ."

भाऊंनी ही कोटी आत जाऊन सगळ्यांना सांगितली. टाळ्या पडल्या. डॉक्टर राहिला तो राहिलाच.

*

बाईंचा तंबोरा त्यांच्या गुरूंचा होता. त्याचा भोपळा म्हणजे खरा भोपळाच, वाळवलेला, आतून पोकळ. खाऱ्या वाऱ्यात बाई त्याला उभा ठेवत नसत. आतल्या खोलीत खाटेवर निजवायच्या आणि वर माझी गोधडी घालायच्या. "झोपू दे त्याला," म्हणायच्या. लेकरासारखा!

त्या सकाळी तो नंदूने आत निजवला होता. मी त्याच खोलीत केर काढला. मग घावन घालायला बसले. बाई आत जाऊन साडी बदलून आल्या. नंदू तंबोरा आणायला गेला, गोधडी उचलली, तर भोपळा खालपर्यंत तडकलेला.

"खोलीत कोण गेलं होतं?" भाऊंनी विचारलं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी हात लावला न्हाय! गणपतीची शपथ!"

"केर काढताना आपटलं असेल, बेबी. मुद्दाम नाही म्हणत आम्ही."

मी बाईंकडे बघितलं. त्या फुटक्या भोपळ्यावरून हात फिरवत होत्या. एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे."

तो "जाऊ दे" मला सुरीसारखा लागला. कोणी भांडलं असतं तर मी पुरून उरले असते. "जाऊ दे"ला काय उत्तर देणार?

त्या दिवशी गाणं झालं नाही. माणसं घावन खाऊन गेली.

*

पुढच्या वर्षीपासून बैठक रिसॉर्टच्या हॉलमध्ये. माइक, एसी, दारात गुलाबपाणी. मी एकदा मागे जाऊन उभी राहिले. बाईंनी ओळख करून दिली. पेटीवर भाऊ, तबल्यावर नंदू, आणि मग एकदम "गायला मी."

मधे माझ्या नावापुरतीही जागा त्यांनी सोडली नाही. मी बाहेर येऊन चप्पल घातली आणि घरी आले.

*

गेल्या थंडीत नंदू बाईंना घेऊन आला. भाऊही होते. बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन एकदाचं झालं होतं. पण नजर परत आली तोवर गळा गेला होता. बोलायच्या त्यासुद्धा कुजबुजल्यासारख्या.

माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "बेबी, एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"तुम्ही मला तरुणपणी बघितलंय कुठे!"

मी पोपटी लावली होती, मडक्यातल्या वालाच्या शेंगा. पण बाई आधी आतल्या खोलीत गेल्या. तीच खाट, वर तीच गोधडी. आता सगळं दिसत होतं, तरी बसण्याआधी त्यांनी गोधडी दोन्ही हातांनी चाचपली. इकडून, तिकडून. मग काठावर बसल्या.

दारातून भाऊ म्हणाले, "जपून हं बाई! बेबीच्या घरात तंबोरे फुटतात!"

नंदू हसला. मी नाही.

बाईंनी पदर सारखा केला. बैठकीला बसायच्या तशा ताठ झाल्या आणि त्या फाटक्या आवाजात सुरू केलं, "पेटीवर भाऊ. तबल्यावर नंदू. चुलीवर बेबी."

थांबल्या. भाऊंचं हसू गेलं.

"आणि त्या सकाळी साडी नेसताना, ही खाट रिकामी समजून हिच्यावर बसली ती, शालन खारकर."